कोपरे कापलेला चौकोन

सोलरची प्लेट ही निरखून बघण्याची वस्तू आहे, असं सहसा कुणाला वाटत नाही. गच्चीवर बसली, वीजबिल उतरलं, की तिचं काम झालं. शेतात पंपाला जोडली असेल, तर दिवसाउजेडी पिकाला पाणी मिळालं की पुरे. पण सात-आठ वर्षांपूर्वी बसवलेली एखादी काळी प्लेट पुसायला म्हणून जवळ जावं, तर तिच्यावर बराच मजकूर दिसतो. आडवे सहा, उभे बारा असे बहात्तर काळे चौकोन. चौकोन म्हणायचं खरं, पण प्रत्येकाचे चारही कोपरे तिरके छाटलेले. असे चार चौकोन जिथे एकत्र येतात, तिथे छाटलेल्या कोपऱ्यांमधून मागचा पांढरा थर डोकावतो आणि शंकरपाळ्याच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. प्रत्येक काळ्या चौकोनावरून पाच ठळक रुपेरी रेघा वरून खाली जातात. त्यांना काटकोनात छेदणाऱ्या आडव्या रेघा इतक्या बारीक आणि दाट, की काचेवर नाक टेकवल्याशिवाय त्या वेगळ्या दिसत नाहीत.

यातलं काहीही शोभेसाठी काढलेलं नाही, तरी नक्षी झाली आहे. ही नक्षी वाचताना एकच सूत्र हाताशी ठेवलं, तर बहुतेक कोडी सुटतात : ज्या काळी जी गोष्ट महाग होती, ती वाचवण्यासाठी प्लेटने आकार घेतला. कधी सिलिकॉन महाग होतं, कधी काच आणि जागा, कधी जहाजाचं भाडं. प्रत्येकाने आपली खूण ठेवली आहे.

वाचन गोलापासून सुरू करावं लागतं, कारण आज आपण ज्याला चौकोन म्हणतो तो जन्माने गोल आहे. हा चौकोन म्हणजे वीज बनवणारा सेल, आणि चांगल्या सेलला सिलिकॉनचा एकसंध स्फटिक लागतो. त्यातले सगळे अणू एकाच शिस्तीत रचलेले हवेत. असा स्फटिक बनवण्याची रीत यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने 1916 साली बर्लिनमध्ये शोधली. लिहिता लिहिता त्याने टाक शाईच्या दौतीऐवजी वितळलेल्या कथलात बुडवला आणि बाहेर काढला तेव्हा टोकाला धातूचा बारीक धागा लोंबत होता, अशी गोष्ट सांगितली जाते. रीत आजही तीच. मुशीत सिलिकॉन वितळवायचं. त्यासाठी 1414 अंश सेल्सियसच्या वर जावं लागतं. वरून स्फटिकाचा एक लहानसा तुकडा, म्हणजे बीज, त्या रसाला टेकवायचं आणि गोल फिरवत फिरवत अगदी सावकाश वर ओढायचं. रस बीजाला चिकटून थिजत जातो आणि बीजातली अणूंची रचना जशीच्या तशी पुढे गिरवतो. फिरणाऱ्या स्फटिकाला चहूबाजूंनी सारखीच उष्णता लागते, रसाचा पृष्ठताणही त्याला सगळीकडून सारखाच आवळतो. म्हणून वर येतो तो माणसाहून उंच, गुळगुळीत, करडा दंडगोल. त्याच्या चकत्या केल्या की मिळतं ते वेफर. ते अर्थातच वाटोळं.

त्या दंडगोलाच्या अंगावरची एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. सोलरसाठी ओढलेल्या स्फटिकावर वरपासून खालपर्यंत चार उभ्या कडा किंचित उठून दिसतात, एकमेकींपासून बरोबर नव्वद अंशांवर. आतली अणूंची रचना चौपदरी असल्याची ती बाहेर फुटलेली खूण. भट्टीवरचे कामगार या चार रेघांवर डोळा ठेवून असतात, कारण त्या मध्येच पुसल्या गेल्या तर आतली शिस्त मोडली आणि माल वाया गेला असं समजतात. पुढे दंडगोलाच्या बाजू कापताना चौकोनाचे कोपरे याच चार कडांवर येतील असा बेत ठेवतात. गोलाच्या पोटात चौकोन आधीपासूनच होता, असं म्हणायला हरकत नाही. करवतीने तो फक्त मोकळा केला.

तो मोकळा करायची गरज सुरुवातीला कुणाला वाटली नव्हती. बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी 1954 मध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सेल दाखवला. तो उन्हातली सुमारे 6 टक्के ऊर्जा विजेत बदलत असे. पुढची वीसेक वर्षं या सेलचं खरं गिऱ्हाईक म्हणजे उपग्रह. 1970 च्या दशकात जमिनीवरच्या वापरासाठी प्लेटी बनू लागल्या, तेव्हा त्यांत वाटोळे सेल असत. पांढऱ्या पाटीवर काळ्या चकत्यांच्या रांगा, असं त्या प्लेटीचं रूप. आज ती बघताना आधी डोळ्यांत भरते ती मधली रिकामी जागा. गोल सरळ रांगांत एकमेकांना खेटून मांडले, तरी ते पाटीचा 78.5 टक्के भागच झाकतात. एका रांगेचे गोल दुसरीच्या खाचांत बसवले तर आकडा जास्तीत जास्त 90.7 पर्यंत जातो. उरलेल्या जागेवरची काच, फ्रेम आणि खालचं लोखंड फुकट गेलं. पण त्या काळी वेफर इतकं महाग होतं, की त्याची कड कापून टाकण्यापेक्षा काच वाया गेलेली परवडे. वाटोळा सेल हा सिलिकॉनच्या महागाईचा आकार.

सिलिकॉन जसजसं आवाक्यात आलं तसतसं पारडं झुकलं. आता काच, फ्रेम, जागा आणि मजुरी यांचं ओझं जाणवायला लागलं आणि चौकोनाची हाक आली. पण गोलातून पूर्ण चौकोन काढायचा तर गोलाचा 63.7 टक्के भागच हाती लागतो. तिसऱ्या हिश्शाहून जास्त कडेला जातो. शंकरपाळे करणाऱ्या बाईला हा हिशोब वेगळा सांगायला नको. पोळी लाटली जाते गोल, कातण्याने पाडायच्या असतात सरळ रेघा, आणि कडेचे वाकडे तुकडे परत गोळ्यात मळले जातात. सिलिकॉनच्या कडेचे तुकडेही असेच स्वच्छ करून पुन्हा मुशीत जातात. फरक इतकाच, की हा गोळा पुन्हा मळायला चौदाशे अंशांची भट्टी पेटवावी लागते आणि करवतीखाली भुगा झाला तो झालाच.

यातून निघालेली तडजोड म्हणजे कोपरे कापलेला चौकोन. अनेक वर्षं चाललेलं माप घेऊन पाहू. दंडगोलाचा व्यास 200 मिलिमीटर, चौकोनाची बाजू 156. पूर्ण चौकोनाचा कर्ण सुमारे 220 भरतो, म्हणजे चारही कोपरे गोलाच्या बाहेर पडतात. ते कापलेले नसतातच. तिथे सिलिकॉन कधी नव्हतंच. नीट पाहिलं तर त्या तिरक्या कडा सरळ नाहीत, किंचित फुगीर आहेत. मूळ दंडगोलाचा परीघ तिथे चार जागी शिल्लक राहिला आहे. आता हिशोब : गोलातला 76 टक्के माल कामी आला आणि चौकोनी घराचा 98 टक्के भाग भरला. दोन टक्के जागा सोडून देऊन सिलिकॉनचा केवढा वाटा वाचवला! एकही बाजू पूर्ण जिंकली नाही, एकही पूर्ण हरली नाही. मला या प्लेटीचा सगळ्यांत देखणा भाग हाच वाटतो.

सोडलेली ती दोन टक्के जागाही अगदीच निकामी बसत नाही. पांढऱ्या ठिपक्यावर पडलेला उजेड चहूकडे उधळतो. त्यातला काही तिरका होऊन वरच्या काचेपर्यंत जातो, तिथून बाहेर न पडता आतच मुरडतो आणि शेजारच्या काळ्या सेलवर येऊन पडतो.

इतकी यातायात करण्यापेक्षा मूसच चौकोनी घेतली तर? हाही पाठभेद होऊन गेला, आणि बराच काळ गाजला. चौकोनी मुशीत सिलिकॉन वितळवून खालून वर सावकाश थिजवलं की मोठा चौरस ठोकळा मिळतो आणि त्याचे सेल पूर्ण चौकोनी निघतात. गेल्या दशकात आपल्याकडे लागलेल्या निळ्या प्लेटी आठवा. त्यांच्यावर पांढरे ठिपके नाहीत. मात्र निळ्या रंगात फिक्या-गडद कपच्या दिसतात. एकच स्फटिक न बनता अनेक स्फटिक बाजूबाजूने वाढल्याच्या त्या सीमारेषा. दिसायला मोहक, पण याच सीमांवर वीज थोडी अडखळते. एकसंध स्फटिक ओढणं आणि चिरणं स्वस्त झालं, हिरेजडित तारेने वेफर अधिक पातळ कापता येऊ लागलं, तशी ही निळी जात बाजारातून जवळपास उठली.

त्याहून धाडसी पाठभेदही झाले. एका पद्धतीत करवतीचा भुगा टाळण्यासाठी सिलिकॉनचा पातळ पोकळ नळाच सरळ रसातून ओढत, आणि तो अष्टकोनी असे. आठ सपाट बाजू लेझरने कापल्या की सेलसाठी वेफर तयार. अमेरिकेतल्या सोलिंड्रा कंपनीने तर सेलच नळीवर गुंडाळला. सगळ्या बाजूंनी येणारं ऊन, छपरावरून परतणारं ऊनसुद्धा, नळी टिपेल हा विचार. पण नळीचा पृष्ठभाग तिच्या व्यासाच्या तिपटीहून जास्त आणि तिची सावली मात्र व्यासाएवढीच. म्हणजे माल तिप्पट लावायचा आणि समोरून येणारं ऊन एका पट्टीएवढं अडवायचं. सपाट सिलिकॉनच्या किमती कोसळल्यावर हा हिशोब टिकला नाही. 2011 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

मधमाशांचा षट्कोन का नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो. गोलातून षट्कोन काढला तर 82.7 टक्के माल कामी येतो आणि षट्कोन एकमेकांना फट न ठेवता बसतात. मग अडलं कुठे? अडलं ते आयताच्या काठावर. तिथे अर्धे षट्कोन लागतात, आणि अर्ध्या सेलला प्लेटीत पूर्ण सेलशेजारी बसायची सोय नाही. यामागे विजेचे दोन नियम आहेत, आणि ते कळले की प्लेटीची पुढची सगळी रचना उलगडते. सेलचा व्होल्ट आकाराने बदलत नाही; टिकलीएवढा असो की ताटाएवढा, कामाच्या वेळी तो सुमारे अर्धा व्होल्टच देतो. क्षेत्रफळाबरोबर वाढतो तो प्रवाह. अर्ध्या व्होल्टावर काही चालत नाही, म्हणून सेल एकामागे एक साखळीत जोडतात. आणि साखळीत सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो, तो सगळ्यात अशक्त सेलला झेपेल तेवढा. एक तुकडा लहान ठेवला तर तो बाकीच्यांना आपल्या पातळीवर खाली ओढतो. प्लेटीतल्या सगळ्या सेलना सारखंच क्षेत्रफळ देण्याची सक्ती इथून येते. कोपऱ्यात बसेल तसा तुकडा लावून जागा भरून काढणं इथे चालत नाही.

संख्यांचा उगमही इथेच. जुन्या लहान प्लेटीत 36 सेल का असत? कारण समोर 12 व्होल्टची बॅटरी होती. ती भरायला साडेचौदा व्होल्टच्या आसपास लागतात. उन्हात प्लेट तापली की व्होल्ट घसरतो, तारांमध्येही थोडा जातो, म्हणून छत्तीस अर्धे, म्हणजे अठरा व्होल्ट हाताशी ठेवले. पुढे चोवीस व्होल्टसाठी बहात्तर झाले. आज बहुतेक घरांत बॅटरीच नाही, प्लेट इन्व्हर्टरमधून सरळ वीजवाहिनीला जोडलेली असते, तरीही बहात्तरची घडण मोठ्या प्लेटीत रेंगाळली. रांगा सहा, म्हणजे सम, असण्यालाही कारण आहे. साखळी एका रांगेतून वर जाते, शेजारच्या रांगेतून खाली येते. रांगा सम असल्या की सुरुवात आणि शेवट एकाच बाजूला येतात आणि दोन्ही तारा एकाच जंक्शन बॉक्समध्ये जातात. सहा रांगांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीला एक डायोड. एका जोडीवर नारळीच्या झावळीची सावली पडली, तर डायोड तिला वळसा घालून उरलेल्या दोन जोड्यांची वीज पुढे नेतो.

आता रुपेरी रेघांकडे येऊ. सेलच्या पृष्ठभागावर तयार झालेली वीज गोळा करायला चांदीची पेस्ट छापून बारीक रेघा काढतात. त्या आपली वीज ठळक रेघांत, म्हणजे बसबारमध्ये, ओततात. इथे प्रत्येक रेघ दुहेरी देण्याघेण्यात अडकलेली आहे. जाड केली तर खालच्या सिलिकॉनवर सावली पडते आणि चांदीही जास्त जाते. बारीक केली तर विजेला वाट अरुंद होते आणि ती उष्णतेत वाया जाते. उत्तर सापडलं ते वाट लहान करण्यात. बसबार दोनाचे तीन झाले, तिनाचे पाच, पुढे नऊ आणि त्याहून जास्त. विजेला बारीक रेघेवरून चालायचं अंतर कमी झालं, तशा बारीक रेघा आणखी बारीक करता आल्या. आजची आडवी रेघ केसाहूनही अरुंद असते.

त्याच कारणाने गेल्या काही वर्षांत सेल मधोमध चिरला गेला. प्रवाह निम्मा झाला की तारेत उष्णता म्हणून जाणारी वीज चौथाई होते, कारण हा तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. म्हणून आता बहात्तर पूर्ण सेलऐवजी एकशे चव्वेचाळीस अर्धे दिसतात, आणि प्लेटीच्या मध्यावर एक आडवी पट्टी. त्या पट्टीच्या वरचा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडलेले. सकाळी पुढच्या रांगेची सावली खालच्या भागावर रेंगाळत असली तरी वरचा भाग आपलं काम करत राहतो.

काळा रंगही रंगवलेला नाही. उघडं सिलिकॉन चकचकीत असतं आणि अंगावर पडलेल्या उजेडातला 30 टक्क्यांहून अधिक परतवून लावतं. म्हणून वेफर अल्कलीत बुडवतात. अल्कली स्फटिकाच्या काही पातळ्यांना लवकर खाते, काहींना हात लावायला कचरते. उरतात ते चौकोनी पायाचे पिरॅमिड, काही मायक्रॉन उंचीचे, लाखोंच्या संख्येने. एका उतारावरून उसळलेला किरण शेजारच्या उतारावर आपटतो आणि आत शिरतो. वरून नायट्रायडचा अतिपातळ थर दिला की परतणारा उजेड आणखी घटतो. जो उजेड परत येत नाही, त्याला आपण काळा म्हणतो. दंडगोलावर चार कडा उमटवणारी शिस्तच इथे डोळ्याला न दिसणाऱ्या मापात पुन्हा चौकोन पाडते.

सेलचा आकार स्फटिक आणि विजेने ठरवला. प्लेटीचा आयत मात्र माणसाच्या शरीराने आणि मालवाहतुकीने ठरवला. साधारण एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब अशी प्लेट दोन माणसं दोन टोकांना धरून जिन्याने वर नेऊ शकतात. तेवढ्याच क्षेत्रफळाची चौरस प्लेट केली, तर बगलेत मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते. अरुंद बाजूला काचही कमी वाकते, म्हणून वाऱ्याचा मारा सोसायला आयत बरा. पुढे सेल मोठे होत गेले, 182 मिलिमीटर, 210 मिलिमीटर, आणि प्लेटही फुगली. तिला आवर घातला तो कंटेनरने. चाळीस फुटी उंच कंटेनरच्या दाराची उंची साधारण 2.58 मीटर. प्लेटी लांब कडेवर उभ्या करून दोन मजली रचायच्या, खाली पॅलेट, वर फोर्कलिफ्टला हलायला बोटभर जागा. या सगळ्यातून प्लेटीची रुंदी 1134 मिलिमीटरवर येऊन थांबली. 2023 मध्ये नऊ मोठ्या उत्पादकांनी 2382 गुणिले 1134 हे माप एकमताने मान्य केलं. आणि तेवढी लांबी नेमकी भरावी म्हणून सेलनेच आपला चौरसपणा सोडला. आता तो एका बाजूने 182 मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने थोडा लांबट निघतो. बंदरातल्या लोखंडी दाराने भट्टीतल्या स्फटिकाची चकती कशी कापायची ते ठरवलं.

सिलिकॉनच्या भावाचा आलेख तर छाटलेल्या कोपऱ्यांतच वाचता येतो. 2008 मध्ये सेलसाठी लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचा खुल्या बाजारातला भाव किलोला 400 डॉलरच्या वर गेला होता. अलीकडे तो 10 डॉलरच्या खाली उतरला. 156 चा सेल गोलातला 76 टक्के माल वापरत होता. 182 चा सेल 247 मिलिमीटरच्या गोलातून काढतात. तिथे आकडा 69 वर येतो. 210 चा सेल 295 च्या गोलातून जवळपास पूर्ण चौकोन काढतो आणि गोलाचा साडेचौसष्ट टक्के भागच घेतो. सिलिकॉन स्वस्त होत गेलं तसे कोपरे भरत गेले आणि पांढरे ठिपके आकसत आकसत नाहीसे झाले.

या रचनेत उणीव नाही असं नाही. आयताला सपाट स्लॅब आवडतो. चारी बाजूंना उतार असलेल्या कोकणातल्या कौलारू छपरावर त्रिकोणी पाखं येतात आणि तिथे आयत बसवताना निम्मी जागा हातची जाते. सारख्या सेलची सक्ती असल्याने त्रिकोणी प्लेट स्वस्तात होत नाही. प्लेटीने कंटेनर, जिना, बॅटरी, भट्टी सगळ्यांचं ऐकलं. छपराचं मात्र फारसं ऐकलं नाही. त्यामुळे छपरालाच तिच्या मापाने लोखंडी मांडव घालून घ्यावा लागतो.

सध्या महाग आहे ती चांदी. म्हणून रेघा दरवर्षी अरुंद होत आहेत, काही ठिकाणी तांबं येत आहे, आणि काही सेलमध्ये तर सगळ्या रेघा मागच्या बाजूला नेल्या आहेत; समोरून नुसता काळा, कोरा आयत दिसतो. तसे सेल अजून किमतीने चढे आहेत. पण उद्या गावोगावच्या गच्च्यांवर एकही रुपेरी रेघ नसलेल्या प्लेटी दिसू लागल्या, तर सराफाकडे न विचारताही समजावं, की मधल्या काळात चांदीचा भाव फार चढला होता.